जॉपलिनमधल्या नोट्स कमांडनं एक्स्पोर्ट करायलोय पण माझं काहीच येईना

शिवार_औसा
नमस्कार मंडळी. माझे वडील शेताची डायरी लिहायचे, पाऊस किती, विहिरीत किती परस पाणी, तुरीवर काय मारलं, सगळं. ते गेल्यावर त्या डायऱ्या मी रोज रात्री थोड्या थोड्या जॉपलिन या नोट्स लिहायच्या ॲपमध्ये टाइप करून ठेवल्या, ११४० नोट्स झाल्यात, आणि जी पानं भिजलेली हायत त्यांचे फोटो पण जोडलेत. किल्लारीच्या भूकंपाचं पान त्यात आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्याची पण पानं हायत. आता हे सगळं साध्या फायलीत काढून पुण्याच्या धाकट्या भावाला द्यायचंय, त्याला कुठलंच ॲप न टाकता वाचता आलं पाहिजे. लॅपटॉपला उबुंटू आहे, एनपीएमनं (प्रोग्राम टाकायचं साधन) टर्मिनलवालं, म्हणजे कमांड टाइप करून चालवायचं जॉपलिन टाकलं, एक्स्पोर्टची कमांड दिली, एरर नाही काही नाही, पण फोल्डरात माझी एकही नोट नाही. डेस्कटॉपवर उघडलं की सगळं जागेवर दिसतंय. सिंक, म्हणजे नोट्सची ऑनलाइन जुळणी, ड्रॉपबॉक्सला आहे. काय चुकायलंय माझं?

टर्मिनलवाला_संभाजीनगर
दादा घाबरू नका, नोट्स कुठंच गेल्या नाहीत. डेस्कटॉपचं जॉपलिन आणि टर्मिनलचं जॉपलिन ही दोन वेगळी घरं हायत, दोघांचा डेटाबेस वेगळा. होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात बघा, एक फोल्डर नुसतं जॉपलिन नावाचं आणि दुसरं जॉपलिन-डेस्कटॉप. तुम्ही एक्स्पोर्ट केलं ते पहिल्यातून, त्यात तुमचं काही नाहीच.
आधी टर्मिनलवाल्याला ड्रॉपबॉक्स दाखवा. जॉपलिन कॉन्फिग, स्पेस, सिंक डॉट टार्गेट, स्पेस, ७. सात म्हणजे ड्रॉपबॉक्स. मग जॉपलिन सिंक. ते एक लिंक देतं, ती ब्राउझरात उघडून परवानगी द्या, जो कोड येईल तो परत टर्मिनलात पेस्ट करा. पहिल्या सिंकला फोटोंमुळं वेळ लागतो, मधीच बंद करू नका. एन्क्रिप्शन (नोट्सना पासवर्डचं कुलूप) चालू असेल तर सिंकनंतर ई-टू-ई-ई डिक्रिप्ट ही कमांड देऊन पासवर्ड टाकावा लागतो. त्यानंतरच एक्स्पोर्ट.
एकदाच काढायचं असेल तर डेस्कटॉपच्या फाइल मेनूतून पण होतंय, टर्मिनलची गरज नाही. पण तुम्ही अजून टाइप करायलात तर टर्मिनलच बरं, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं) आधी सिंक मग एक्स्पोर्ट लावून टाका, दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर.

परभणीकर_ताई
फॉरमॅटकडं लक्ष द्या भाऊ. नुसतं एमडी (मार्कडाउन, साध्या मजकुराची फाइल) दिलं तर मजकूर येतो पण टॅग आणि तारखा जातात. एमडी अंडरस्कोर फ्रंटमॅटर द्या, म्हणजे प्रत्येक फायलीच्या वरच्या ओळींत टॅग, तारीख लिहून येतं. पण एक गोष्ट, ती तारीख तुम्ही टाइप केल्याची असणार, बाबांनी लिहिलं त्या दिवसाची नाही. म्हणून डायरीची तारीख नोटच्या नावातच घाला, आधी वर्ष मग महिना मग दिवस, फायली आपोआप ओळीनं लागतात. आकडे मात्र सगळीकडं एकाच लिपीत, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी केले तर यादी दोन तुकड्यांत पडते.
आणि अंडरस्कोर रिसोर्सेस नावाचं फोल्डर दिसेल, सगळे फोटो त्याच्यात असतात. मी आईच्या ओव्यांच्या वेळी फक्त एका वहीचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं आणि तिच्या वहीच्या पानांचे सगळे फोटो तुटलेले दिसले, कारण नोटमधली वाट त्या फोल्डराकडं जाते. द्यायचं तर अख्खं द्या.
सोबत जेईएक्समध्ये (जॉपलिनचा स्वतःचा फॉरमॅट) पण एक प्रत काढून ठेवा. वाचायला एमडी, पण उद्या परत जॉपलिनमध्ये जसंच्या तसं घ्यायचं झालं तर जेईएक्स.

शिवार_औसा
झालं!! सिंकला पाऊण तास लागला. एमडी फायली मोजल्या, बरोबर ११४०. नावं बदलायचं काम आता रोज रात्री करीन, ताईंचं पटलं, माझे आकडे खरंच मिसळलेले होते. पेनड्राइव्ह भावाला दिला, त्यानं तिथंच साध्या नोटपॅडमध्ये ३० सप्टेंबर १९९३ चं पान उघडलं. त्या दिवशी बाबांनी एवढंच लिहिलंय, घर पडलं, माणसं वाचली, बैल सोडले. त्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. दोघांचे लै आभार.