मदत हवी आहे: व्हीलचेअर तीन पायऱ्यांवर कशी चढवायची? (रविवारच्या आत)

घाईत_आहे:
एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून एकाशी मैत्री जुळली आहे. आतापर्यंत त्याच्या घरीच भेटलो, गप्पा आणि बुद्धिबळ. या रविवारी पहिल्यांदाच बाहेर पडतोय, प्रदर्शन बघायला. तिथे दाराशी तीन पायऱ्या आहेत, बाजूला उतारही आहे पण खडा वाटतो. खुर्ची कशी चढवायची? व्हिडिओ पाहिले, प्रत्येक जण वेगळंच करतो. "काळजी घ्या" वगैरे नको, पद्धत सांगा.

उलटा_उतार:
हाताने ढकलायची की बॅटरीची? मागे खाली दोन छोटी चाकं आहेत का? मित्राचं वजन? त्याला कमरेवर तोल सावरता येतो का? बॅटरीची असेल तर विषय संपला, ती माणसासकट उचलायच्या भानगडीत पडू नका.

घाईत_आहे:
साधी, घडीची. वजन सत्तरच्या आसपास. मागे छोटी चाकं आहेत. आता सांगा.

स्क्रूपाना:
ती छोटी चाकं म्हणजे अँटी-टिपर. खुर्ची मागे कलंडू नये म्हणून असतात आणि नेमकी पायरीवर नडतात. बटण दाबून वर फिरवा किंवा काढून खिशात ठेवा. वर पोचल्यावर आधी ती परत लावायची, मग बाकीचं.

एकच पायरी असेल तर: खुर्चीचं तोंड पायरीकडे. मागच्या बाजूला खाली जो दांडा बाहेर आलेला असतो त्यावर पाय दाबा, हँडल मागे-खाली ओढा, पुढची चाकं उचलली जातात. ती पायरीवर टेकवा. मोठी चाकं कडेला भिडेपर्यंत पुढे या आणि मांडीचा जोर लावून वर लोटा. उचलायचं नाही, चाक गडगडत चढलं पाहिजे. उतरताना पाठमोरं, मोठी चाकं आधी.

तीन पायऱ्यांना दोन माणसं लागतात. खुर्ची पाठमोरी करून मागे झुकवा, हँडल हलकी लागतील तिथपर्यंत. ताकदवान माणूस वर, हँडलपाशी. दुसरा खाली, समोरून फ्रेमचा पाइप धरून. फूटरेस्ट आणि हात टेकायच्या पट्ट्या धरू नका, बऱ्याच खुर्च्यांना त्या निघणाऱ्या असतात आणि ऐन पायरीवर हातात येतात. हँडलची रबरी मूठ आदल्या दिवशी पिळून बघा, फिरत असेल तर तीही निसटते. एक पायरी, थांबा, पुढची. मोजणार फक्त वरचा.

जुनं_खोड:
चार जणांनी सरळ उचलायची. दोन मिनिटांचं काम.

स्क्रूपाना:
चार जण म्हणजे चार वेगळ्या उंच्या आणि चार वेगळे "चला". एक कोपरा आधी उचलला जातो आणि माणूस तिकडे घसरतो. शिवाय घडीची खुर्ची सीटला धरून वर ओढली की मिटायला लागते, ती बनवलीच तशी आहे.

जुनं_खोड:
घडीचा विषय निघालाच आहे तर, ही इंग्रजी एक्स अक्षरासारखी फ्रेम १९३३ साली हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी काढली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरत.

पांढरी_काठी:
अंध व्यक्तीला नेताना तिचा हात आपण धरायचा नाही, तिने आपला कोपराच्या वर धरायचा. आपण अर्धं पाऊल पुढे. जिना आला की थांबून "वर" की "खाली" ते सांगा. अरुंद जागेत आपला हात पाठीमागे न्या, ती आपोआप मागे येते. खुर्चीत बसवायचं नसतं, तिचा हात फक्त पाठीवर नेऊन ठेवा.

उलटा_उतार:
खुर्चीच्या पाठीवर म्हणायचंय ना? :) सगळं बरोबर, पण धागा व्हीलचेअरचा आहे.

@घाईत_आहे, उतार मोजलात का? एक भाग उंचीला बारा भाग लांबी, हे चांगल्या उताराचं माप. ४५ सेंमी उंचीला ५.४ मीटर. चढताना सरळ, उतरताना पाठमोरं. खड्या उतारावर सरळ उतरवलं तर बसलेला पुढे घसरतो आणि सगळं वजन तुमच्या मनगटांवर येतं.

मधला_मार्ग:
हँडलला ब्रेक असतील तर सरळही उतरवता येतं. पाठमोरं नेलं की बसलेल्याला काहीच दिसत नाही, तेही बरं नव्हे.

उलटा_उतार:
१:१२ ला ठीक. त्याहून खड्याला ब्रेकच्या भरवशावर राहू नका.

चाकावरून:
रोज व्हीलचेअर वापरते, म्हणून विचारते: मित्र काय म्हणाला? कुठे धरायचं, किती झुकवायचं हे त्याला पाठ असणार. कदाचित उचलून न्यायलाच त्याचा नकार असेल. संयोजकांना फोन करून माल आत न्यायचं दार किंवा लिफ्ट आहे का विचारा, पुष्कळदा असते. आणि तुमची पिशवी खुर्चीच्या हँडलला अडकवू नका, चढावर खुर्ची मागे कलंडते. बरं, खुर्ची कशामुळे?

घाईत_आहे:
मणक्याला दुखापत, छातीच्या वरच्या भागात. त्याचा पायऱ्यांशी काय संबंध?

फिजिओ_ताई:
पायऱ्यांशी थोडा, रविवारशी जास्त. धड सावरता येत नसेल तर झुकवण्याआधी पट्टा लावा. काखेत हात घालून कधीही उचलू नका, खांदे दुखावतात आणि त्याचे हात म्हणजेच त्याचे पाय. बैठकीवर संवेदना नसेल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग पुढे किंवा बाजूला झुकवून भार हलवावा लागतो. तो करत असतो, तुम्ही फक्त वेळ द्या.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर हे लक्षात ठेवा: अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, घाम म्हणजे रक्तदाब भसकन वाढलाय. आडवं करू नका, ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, लघवीची पिशवी भरली आहे का, नळीला पीळ पडलाय का ते बघा. लगेच उतरलं नाही तर रुग्णवाहिका. उन्हात रांगही टाळा, दुखापतीच्या खाली घाम येत नाही, अंग तापतं.

घाईत_आहे:
त्याच्याशी बोललो. हे सगळं त्याला माहीत आहे, चिठ्ठी खुर्चीच्या कप्प्यात असते म्हणाला. पायऱ्या नको, उतारानेच जाऊ म्हणतो. उतार मोजून आलो, उंची ४५ सेंमी, लांबी पावणेचार मीटर.

उलटा_उतार:
म्हणजे साधारण १:८. खडा आहे, पण सत्तर किलोला जमेल. मध्ये थांबायचं नाही. उतरताना पाठमोरं, आणि खाली मागे कुणी उभं नाही ना ते बघून.

घाईत_आहे:
ओके. डावा ब्रेक लागत नाही म्हणतो. स्क्रू आवळू?

स्क्रूपाना:
आधी हवा बघा. ब्रेक नुसता टायरवर दाबला जातो, टायर मऊ असेल तर पकडणार कशाला? दाब टायरच्या बाजूला लिहिलेला असतो, दोन्हीकडे सारखा भरा. हवा भरूनही सुटला तर मग ब्रेकचा क्लॅम्प, म्हणजे ब्रेक फ्रेमला धरून ठेवणारी पकड, चाकाजवळ सरकवा.

जुनं_खोड:
भरीव टायर घ्या, कटकट नाही.

चाकावरून:
दगडी फरशीवर दिवसभर बसून बघा, मग सांगा.