दिवाळीची सुट्टी, तीन वयांची मुलं आणि थीम पार्क (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट क्रमांक)

बी-७०२: नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना थीम पार्कला न्यायचं आहे. धाकटी ४ वर्षांची, मधला ७, आणि जाऊबाईंचा मुलगा १३. सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. घरात तीन पक्ष पडलेत: सिंगापूर, हैदराबाद आणि आपलं खोपोलीचं इमॅजिका. पॅकेजच्या जाहिराती नकोत, माहिती हवी.

डी-९०३: एस्सेलवर्ल्ड असतं तर प्रश्नच नव्हता.

सी-३०१: १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क आता बंद आहे, त्याचं श्राद्ध नंतर घालू. वहिनी, आधी तिघांची उंची सांगा. सेंटिमीटरमध्ये. राइडच्या दाराशी वय कोणी विचारत नाही, दांड्याला लावून बघतात.

बी-७०२: दारामागच्या खुणांवरून ९९, ११९ आणि १५६.

सी-३०१: मग सिंगापूर या वर्षी नको. का ते सांगतो.

सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये राइडनुसार किमान उंची ठरलेली आहे. कॅनॉपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेज ९२, पुस इन बूट्स १००, ट्रान्सफॉर्मर्स १०२, जुरासिक पार्कची पाण्यातली राइड १०७, ममी १२२, बॅटलस्टार गॅलॅक्टिका १२५. यातले काही आकडे विचित्र वाटतात कारण मुळात ते इंचातले आहेत. ९२ म्हणजे ३६ इंच, १०२ म्हणजे ४०, १०७ म्हणजे ४२, १२२ म्हणजे बरोबर ४ फूट.

आता तुमची मुलं लावून बघा. धाकटी ९९. पुस इन बूट्सला एका सेंटिमीटरने आणि ट्रान्सफॉर्मर्सला तीनने अडली. मधला ११९. ममी आणि गॅलॅक्टिका दोन्ही गेल्या, आणि नेमक्या त्याच दोन राइड मोठा भाऊ करून येणार आणि दिवसभर त्याच्यासमोर वर्णन करणार. वर धाकटीला ४ वर्षं पूर्ण झाली म्हणून तिकीट पूर्ण लहान मुलाचं. तिथे ४ ते १२ वयाला लहान मुलांचं तिकीट लागतं, ४ च्या आत फुकट. म्हणजे पैसे भरायचे वयावर आणि बसायचं उंचीवर.

ए-२०५: या वयात मुलं वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढतात. म्हणजे मे महिन्यात मधला १२२ च्या काठावर येईल आणि पुढच्या दिवाळीपर्यंत १२४-१२५ गाठेल. धाकटी तोवर १०४-१०५. एक वर्ष थांबलात तर तेवढ्याच पैशांत दोघांना मिळून तीन-चार राइड जास्त मिळतात.

आणि वहिनी, दारामागच्या खुणांवर जाऊ नका. अनवाणी, टाच आणि डोकं भिंतीला टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पुन्हा मोजा. मोजायचं सकाळी, कारण संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा दबून उंची साधारण एक सेंमीने कमी भरते. काठावरच्या मुलाची राइड सकाळीच उरकायची ती त्यासाठी. जाड तळाचे बूट घालून न्यायची युक्ती करू नका. संशय आला की बूट काढून मोजतात, आणि मग रांगेत तासभर उभं राहिलेलं मूल दारातून परत फिरतं.

ए-११०४: काकांचं गणित बरोबर आहे, पण सिंगापूर एवढंही वाईट नाही. ४ वर्षांच्या मुलीसाठी मिनियन लँड आहे, २०२५ च्या फेब्रुवारीत उघडलंय. न्यूयॉर्क भागातली सेसमी स्ट्रीटची राइड आहे, तिला किमान उंचीची अट नाही, फक्त १२२ च्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस हवं. कॅनॉपी फ्लायर आहे. आजींसाठी वॉटरवर्ल्डचा शो आणि भाड्याची व्हीलचेअर.

सी-३०१: आहे ना. पण एवढ्यासाठी सहा जणांचा व्हिसा आणि विमान?

ए-११०४: बरं, पुढच्या वर्षी जातील तेव्हासाठी लिहून ठेवते, ताई स्टार करून ठेवा.

दिवाळीत जाणार असाल तर पार्कचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरवा. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही रात्री हॅलोविनचा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, त्या दिवशी पार्क दिवसाच्या पाहुण्यांसाठी लवकर बंद होतं. पैसे तेवढेच, तास कमी. शिवाय दिवाळीची सुट्टी तिथेही सार्वजनिक असते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तिथल्या शाळांची मोठी सुट्टी लागते आणि पावसाचा जोरही तेव्हाच वाढतो. जवळपास वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. तो वेळ छपराखालच्या राइडसाठी, म्हणजे ममी, ट्रान्सफॉर्मर्स, सेसमी यांसाठी राखून ठेवायचा. बहुतेक लोक उलटं करतात. सकाळी ऊन नसताना आतल्या राइड करतात आणि दुपारी पावसात गॅलॅक्टिकाच्या बंद दारासमोर बसतात.

पार्क तळ्याभोवती गोल आहे. शिरल्यावर डावीकडे मिनियन लँड, उजवीकडे न्यूयॉर्क आणि पुढे साय-फाय सिटी. दोन मोठी माणसं असतील तर दार उघडताच दोन तुकड्या करा. एक धाकटीला घेऊन डावीकडे, दुसरा मोठ्याला घेऊन साय-फायकडे. सगळ्यांनी मिळून सगळं करायचा हट्ट धरलात की पहिले दोन तास, जे सगळ्यात मोलाचे, ते एकमेकांची वाट बघण्यात जातात.

बी-७०२: पण मग ज्या राइडला मोठ्याबरोबर आम्हा दोघांनाही बसायचं असेल तिथे धाकटीचं काय?

ए-११०४: चाइल्ड स्वॅप. मोठ्या पार्कांत ही सोय असते. सगळे एकाच रांगेतून जायचं. एक जण मुलांसोबत बसून येतो, दुसरा लहानीला घेऊन थांबतो, मग अदलाबदल, पुन्हा रांग नाही. फक्त रांगेत शिरायच्या आधी दारावरच्या माणसाला सांगायचं. आत पोचल्यावर विचारलं तर काही वेळा मागे पाठवतात. एकट्यांची वेगळी रांग भराभर सरकते, पण ज्या मुलाला सोबत मोठं माणूस सक्तीचं आहे त्याला त्या रांगेचा उपयोग नाही.

एक्सप्रेस पास साधा घेतला तर प्रत्येक राइडला एकदाच चालतो. तुमच्या घरात तो फक्त मोठ्याला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला घ्या. धाकटीला आणि आजींना घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पार्क ज्या बेटावर आहे त्या सेंटोसाला जायला विवोसिटी मॉलहून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल ४ सिंगापूर डॉलर, किंवा बोर्डवॉकवरून पायी फुकट.

डी-९०३: आता हैदराबादचं कोणीच बोलेना. तेरा वर्षांच्या मुलासाठी वंडरला! एकाच तिकिटात कोरड्या राइड आणि वॉटर पार्क दोन्ही. रिकॉइल नावाचा कोस्टर पुढे जातो आणि त्याच रुळांवरून उलटा मागे येतो. शिवाय तिकीट उंचीवर लागतं, वयावर नाही, म्हणजे तुमच्या दोन्ही धाकट्यांचा हिशोब सरळ. मोठा मात्र १५६ म्हणजे पूर्ण तिकीट.

सी-३०१: वंडरला चांगलंच आहे. २००० साली कोचीला सुरू केली त्यांनी, मग बंगळूर, २०१६ ला हैदराबाद. पण वहिनींच्या घरात हैदराबाद म्हटलं की रामोजी आलंच, आणि तिथेच घोळ होतो. वंडरला रविर्यालला, विमानतळाच्या बाजूला. रामोजी फिल्म सिटी विजयवाडा रस्त्यावर. दोन्ही आउटर रिंग रोडने जोडलेली आहेत, पण एका दिवसात दोन्ही म्हणजे दोन्हीकडे अर्धं. रामोजीत बसमधून सेट बघणं आजींना आवडेल, सातवाल्याला अर्धा दिवस पुरेल, तेरावाला कंटाळेल. वंडरलात उलटं. म्हणजे प्रत्येक दिवशी घरातला कोणी ना कोणी तोंड पाडून बसणार.

डी-९०३: काका, तेरा वर्षांचा मुलगा कुठेही तोंड पाडूनच बसतो.

ॲडमिन: सूचना: उद्या सकाळी ११ ते २ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

ए-२०५: एक निकष सांगते, कुठलंही पार्क असो. आधी मधल्या मुलाचं बघायचं. सगळ्यात लहानाला झोका, बोट, फुगा, काहीही चालतं. सगळ्यात मोठा एकटा राइड करू शकतो. ज्याला "तू लहान आहेस" आणि "तू आता मोठा झालास" ही दोन्ही वाक्यं एकाच दिवसात ऐकावी लागतात, तो मधला. त्याच्या उंचीला निदान तीन दमदार राइड बसत असतील तरच ते पार्क या वर्षीचं.

सी-३०१: या कसोटीवर इमॅजिका बसतं. नायट्रो आणि डीप स्पेस मोठ्याच्या. नायट्रो सुमारे १३० फूट उंच, पायाखाली तळ नसलेला कोस्टर, चपला-सँडल सांभाळा. मधल्यासाठी गोल्ड रश एक्सप्रेस, अलिबाबाची नेमबाजी आणि राजासॉरस. त्याला डायनासोरचं वेड असेल तर आधीच सांगून ठेवा, राजासॉरस काल्पनिक नाही, नर्मदेच्या खोऱ्यात गुजरातेत सापडलेला खरा प्राणी आहे, त्याला नाव २००३ मध्ये मिळालं. राइडमध्ये अंधार, खाली कोसळणं आणि पाणी तिन्ही आहे, म्हणून ती सकाळी नको, दुपारी. ओल्या कपड्यांनी दिवसभर फिरलं की मांड्या घासून सोलतात.

धाकटीसाठी कॅरोसेल, टबी टेक्स ऑफ, बंप इट बोट्स. सलीमगढला तिला नेऊ नका, भुताटकी आहे, रात्री त्रास तुम्हालाच. आय फॉर इंडियात खुर्च्या वर उचलल्या जातात, पाय अधांतरी लोंबतात आणि समोर पडद्यावर देश वरून दिसतो. आजींना उंचीची भीती नसेल तर बसवा, पण चक्कर येत असेल किंवा मानेचं दुखणं असेल तर नको. हलणाऱ्या खुर्च्यांच्या सिनेमालाही तोच नियम. बीपी, हृदय, मणके यांच्या पाट्या दारावर असतात त्या शोभेसाठी नाहीत. प्रत्येक राइडची उंची त्यांच्या साइटवर आहे, निघायच्या आदल्या दिवशी बघून मुलांना वाचून दाखवा. "काका नाही म्हणाले" यापेक्षा "पाटीवर लिहिलंय" हे मुलं लवकर मानतात.

बी-७०२: वॉटर पार्क पण तिथेच आहे ना? एकाच दिवशी?

सी-३०१: शेजारी आहे, तिकीट वेगळं. स्नो पार्कही वेगळं. एका दिवसात थीम आणि वॉटर दोन्ही करायला जाऊ नका. लागूनच हॉटेल आहे, एक रात्र राहा. पहिला दिवस थीम पार्क, दुसऱ्या दिवशी वॉटर. आजींना दुपारी खोलीवर आडवं होता येतं, धाकटीचीही झोप होते. न झोपलेलं चार वर्षांचं मूल पाच वाजता काय करतं ते या ग्रुपवर सांगायला नको.

तारखा: लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला लोक घरी असतात, भाऊबीज झाली की एक्सप्रेसवेवर लोंढा निघतो. भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळून पुढचा सोमवार-मंगळवार धरा. शाळा उघडायच्या आत बसतंय का बघा.

ए-११०४: वॉटर पार्कचं मी सांगते. नोव्हेंबरात सकाळचं पाणी गार असतं. बारा ते तीन हीच वेळ पाण्याची. लहान मुलांचं अंग लवकर गार पडतं, ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की बाहेर काढून कोरडं करायचं, "अजून एकदा" ऐकायचं नाही. कोरडा टॉवेल लॉकरमध्ये नको, हाताशी हवा.

वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू व्हायचा भोंगा झाला की धाकटी हाताच्या अंतरावर. जीवरक्षक आहे म्हणून काठावर मोबाइल बघत बसू नका. लाटेत मूल ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. तिला फुगवलेले दंडपट्टे घालू नका, ते सटकतात. पार्कचं लाइफ जॅकेट घ्या आणि खालचा पट्टा पायांमधून बांधलाय का ते बघा, नाहीतर जॅकेट वर आणि मूल खाली. मोठ्याला ट्यूबशिवायच्या स्लाइडवरून पाठवताना पायात पाय अडकवून, हात छातीवर. बहुतेक खरचटणं कोपरांचं असतं.

डी-९०३: आणि कॉटन चालत नाही. टीशर्ट कॉटनचा असेल तर तिथल्या दुकानात दामदुप्पट देऊन नायलॉनचं घ्यावं लागतं.

ए-११०४: बरोबर. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, स्लाइडवर घासतो आणि त्याचे धागे पाण्याच्या गाळणीत जातात. बटणं, चेन, धातूचे हूक असलेलं काहीही नको, स्लाइडवर ओरखडे पडतात म्हणून अडवतात. धाकटीला अजून डायपर लागत असेल तर पाण्यातला वेगळा मिळतो तो घ्या, साधा डायपर फुगून फुटतो.

बी-७०२: ठरलं मग. यंदा इमॅजिका दोन दिवस, सिंगापूर पुढच्या दिवाळीला. मधल्याला उद्या सकाळी पुस्तक लावून मोजते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत ना? सासूबाईंना मंगळवारचा उपास असतो.

सी-३०१: बाहेरचे डबे नेऊ देत नाहीत. मग मंगळवार वॉटर पार्कचा करा. हॉटेलवरून उशिरा निघा, त्या खोलीवर फराळ करून येतील. औषधाची चिठ्ठी मात्र पर्समध्ये ठेवा, गोळ्या तपासणीत अडवल्या तर दाखवायला.

बी-७०२: आणि त्या म्हणतात मीही पाण्यात येणार. साडीवर चालेल का?

ए-११०४: साडीवर सोडत नाहीत, पाण्यात पायांत गुंडाळते. नायलॉनचे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे पोहण्याचे कपडे मिळतात, इथूनच घेऊन जा, तिथे मापाचे मिळतीलच असं नाही. ओढणी, मंगळसूत्र आणि कानातलं घरी. आणि गुडघे दुखतात म्हणालात ना, मग स्लाइडचे जिने नकोत, त्यांना लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे संथ वाहत्या पाण्यात, दोघांच्या ट्यूबवर मधल्याबरोबर बसवा.

बी-७०२: त्या विचारतायत वेव्ह पूल का नाही.

ए-११०४: कमरेइतक्या पाण्यापर्यंत, मोठ्या नातवाचा हात धरून.