साडेतीन वर्षांच्या मुलाला दसरा-दिवाळीत घरी काय उद्योग द्यावा?

प्रश्न (सातारा): हाताला काम मिळेल असं सुचवा. मोबाइल नको.

उत्तर: परातीत किल्ला करा, नमुन्याला अजिंक्यतारा आहेच! दोन वाट्या माती, एक वाटी वाळू. नुसती काळी माती वाळली की तडकते. वर चमचाभर अळीव कोरडेच भुरभुरा; भिजवले तर बुळबुळीत गोळा होऊन बोटांना चिकटतात. पाणी स्प्रेनेच, नाहीतर बी ओघळून पायथ्याशी. तीन-चार दिवसांत हिरवं दिसतं.

उत्तर (सांगली): आपट्याच्या पानाचे ठसे घ्या. रंग मागच्या, उठावदार शिरांच्या बाजूला, घट्टसर लावा. पातळ झाला की नुसता डाग उमटतो.

प्रश्नकर्ता: अळीव नाकात घातले तर?

उत्तर: म्हणूनच डबा हातात नको. समोर बसून चिमूटभरच द्या.