मदत हवी आहे : आमचा अभिमन्यू नुसताच शूर वाटतोय

नमस्कार मंडळी. ठाण्यात आम्ही कॉलेजची पोरं अभिमन्यूवर एकांकिका बसवतोय. तालीम नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, रात्री आवाज चढवायचा नाही या अटीवर. त्यामुळे कुरुक्षेत्र कुजबुजत चाललंय!

अडचण संहितेत आहे. युद्धाचा 13वा दिवस, अर्जुन संशप्तकांमागे, म्हणजे मरेपर्यंत लढायची शपथ घेतलेल्या कौरवांकडच्या योद्ध्यांमागे, गेलेला. युधिष्ठिर अभिमन्यूला चक्रव्यूह फोडायला सांगतो. पोरगा स्पष्ट म्हणतो, आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. मोठे म्हणतात, आम्ही मागोमाग आहोत. आमचा नायक लगेच छाती काढून निघतो. टाळ्या पडतील, पण पात्र जागचं हलत नाही. अर्जुनाचा मुलगा, कृष्णाचा भाचा. 'नाही' म्हणायची सोयच नाही, हे ओझं दिसायला हवं. जरा भीती दाखवली की दिग्दर्शक म्हणतो, नायक पडेल. मला हे अजिबात पटत नाही.

द्रोणपर्वात सारथी सुमित्र त्याला बजावतो, पांडवांनी तुझ्यावर फार मोठा भार टाकलाय. अभिमन्यू हसून उडवून लावतो. त्या हसण्यातच काही पेरता येईल का? कसं? आणि त्याच्या बायकोचा, उत्तरेचा प्रवेश त्याआधी ठेवू की काढूनच टाकू?