खड्डा बुजवायचा की अर्ज करत बसायचं?

वळणावरचा
आमच्या सोसायटीच्या वळणावर जूनमध्ये परातीएवढा खड्डा होता, ऑगस्टपर्यंत टीपॉयएवढा झाला. ग्रुपवर रोज त्याचा फोटो, खाली शिव्या, मग कुणाचं तरी 'सुप्रभात', की विषय संपला. गेल्या रविवारी आम्ही चौघांनी शेजारच्या बांधकामावरून आठ घमेली खडी-डबर मागून आणलं आणि धुमसाने ठोकून बसवलं. चहा धरून दोन तास. निम्म्या अडचणी आपल्या हातातल्या असतात आणि आपण तक्रारींचा रवंथ करत बसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईचे दादाराव बिल्होरे आठवा. भाजी विकणारा माणूस. २०१५ च्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यामुळे त्यांचा १६ वर्षांचा मुलगा गेला. त्यांनी फावडं उचललं आणि शेकडो खड्डे स्वतः बुजवले. त्यांच्यापुढे आपली कारणं काय टिकणार?

करदाती
बिल्होरेंना नमस्कारच. पण मुलगा गेलेल्या बापाला रस्त्यावर खडी टाकत फिरावं लागतं, याचं कौतुक करायचं की लाज वाटून घ्यायची? पाणी कमी आलं, टँकर मागवा. वीज गेली, इन्व्हर्टर घ्या. रस्ता उखडला, घमेली उचला. सकारात्मक, सकारात्मक म्हणत आपण अख्खी महापालिका सोसायटीत आणून बसवली. मालमत्ता कर मात्र एक रुपयाने कमी झालेला नाही.

वळणावरचा
ताई, अर्ज मीही केला होता. अकरा दिवसांनी 'तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज आला. खड्डा जागच्या जागी! अजून किती थांबायचं?

खडी_डांबर
रस्त्याच्या कामांवर बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. दादा, तुमच्या हेतूशी भांडण नाही, तुमच्या खडीशी आहे. खड्डा होतो पाण्यामुळे. डांबराच्या भेगेतून पाणी खाली मुरतं, खालचा थर भुसभुशीत होतो आणि वरून चाकं जात राहिली की तुकडा निघतो. तो बुजवायचा तर कडा चौकोनी कापायच्या, आतलं पाणी आणि माती काढायची, डांबराचा हात द्यायचा, मग डांबरमिश्रित खडी थराथराने दाबायची. नुसतं डबर टाकलं तर पहिल्याच जोराच्या सरीत ते वर येतं. आणि मोकळ्या खडीवर वळताना दुचाकी घसरते. खड्डा निदान लांबून दिसतो तरी.

रात्रपाळी
तुमचं शास्त्र बरोबर असेल काका, पण मी रात्री साडेदहाला स्कूटीवरून घरी येते. रस्त्यावर दिवे नाहीत. पाणी भरल्यावर कुठला खड्डा लांबून दिसतो हो? कंत्राट, कोर्ट, अर्ज हे सगळं महिन्यांचं काम, माझा प्रश्न आज रात्रीचा आहे. या चौघांनी काहीतरी केलं. बाकीच्यांनी फोटो काढले.

खडी_डांबर
हे मान्य. मग त्याच्याभोवती चुना मारा, मध्ये फांदी रोवा, वॉर्ड ऑफिसातून बॅरिकेड मागून घ्या. पण बुजवण्याआधी एक गोष्ट बघा. रस्ता नवा असेल तर त्याचा दोषदायित्व कालावधी चालू असतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. कालावधी कधी संपतो ते माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. तुम्ही डबर टाकलंत की ठेकेदार म्हणणार, लोकांनीच रस्ता बिघडवला. पुरावा तुम्हीच गाडलात.

करदाती
यावर कुणी बोलतच नाही! मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. आता तुमच्या खडीवरून कुणी घसरलं तर बोट कुणाकडे दाखवायचं, सांगा.

वळणावरचा
म्हणजे चांगलं करायला जा आणि आरोपी व्हा. वा!

रात्रपाळी
करदातीताई, दहा रुपयांचा अर्ज तुम्ही केलात का, की तोही यांनीच करायचा?

करदाती
नाही केला. सोमवारी करते. खोटं कशाला बोलू.

वळणावरचा
थोडं कबूल करायचं आहे. काल रात्री पाऊस झाला. सकाळी दूध आणायला गेलो तर आमची निम्मी खडी रस्ताभर पसरलेली, एक डिलिव्हरीवाला पोरगा पाय टेकत टेकत जात होता. तरी रविवारचे दोन तास वाया गेले असं मला वाटत नाही. त्या चौघांपैकी दोघांची नावंसुद्धा मला आधी माहीत नव्हती. आता तेच वॉर्ड ऑफिसला सोबत येतो म्हणताहेत. खडीचे फोटो काढलेत, तारखेसकट.

खडी_डांबर
फोटो ठेवा. आधी झाडू घेऊन जा.