गॅमाने गुणायचं की भागायचं?
प्रचंड वेगाने धावणारी गाडी बोगद्यात मावते का, या सापेक्षतेच्या गणितात लांबीला गॅमाने (वेगामुळे लांबी किती पटीने आखडते ते सांगणाऱ्या गुणकाने) गुणायचं की भागायचं, असा प्रश्न पडतो. ते राहू द्या, आधी घटना मांडा. गाडीची स्वतःची लांबी १०० मीटर, बोगदा ८० मीटर, वेग प्रकाशाच्या ०.६ पट, म्हणजे गॅमा १.२५. बोगद्याच्या चौकटीत, म्हणजे बोगद्यापाशी उभं राहून मोजलं तर, गाडी ८० मीटर भरते. दोन्ही टोकं एकाच क्षणी दोन्ही तोंडांशी.

गाडीच्या चौकटीत बोगदाच ६४ मीटरचा. मग गाडी मावली कशी? मावलीच नाही! इंजिन आधी बाहेर पडलं, शेवटचा डबा त्यानंतर ०.२ मायक्रोसेकंदांनी आत शिरायच्या तोंडाशी आला. (नुसतं लांबीचं सूत्र लावलं की नेमकं हेच निसटतं, आणि सगळा घोळ इथेच होतो.) उरलेले ३६ मीटर त्या वेगाने कापायला तेवढाच वेळ लागतो.

पडताळाही घ्या: तेवढ्या वेळात प्रकाश ६० मीटर जातो, आणि १००² − ६०² = ८०². बोगद्याच्या चौकटीत दोन्ही घटना एकाच क्षणी, ८० मीटरवर, म्हणजे तिथेही ८०² − ०² = ८०²; दोन घटनांमधल्या अंतराच्या वर्गातून प्रकाशाने तेवढ्या वेळात कापलेल्या अंतराचा वर्ग वजा केला की दोन्ही चौकटींत उत्तर एकच यायला हवं.