मदत हवी आहे: आवर्तन-3 च्या खिडकीत 4.669 का मिळत नाही?

लोकलमधला_विद्यार्थी: लॉजिस्टिक मॅपमधील (x ची पुढची किंमत r·x(1-x) देणारे सूत्र) आवर्तन-3 ची खिडकी, म्हणजे r चा तीन किमतींचे स्थिर चक्र जन्मणारा पट्टा, ही मूळ आकृतीचीच (r नुसार x कोठे स्थिरावतो ते दाखवणाऱ्या आलेखाची) लहान प्रत असते, असे आम्हाला शिकवले आहे, तरीही तेथील गुणोत्तर मला 4.669 (फायगेनबॉम स्थिरांक) ऐवजी 2.14 मिळते. चूक कोठे आहे? परवा प्रकल्प सादर करायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

फळा_खडू: कशाचे कशाशी गुणोत्तर? r च्या किमती दिल्याशिवाय कोण काय सांगणार?

चर्नीरोडकर: सुरुवातीच्या किती आवृत्त्या सोडून दिल्या? द्विभाजनाजवळ (जेथे चक्र दुप्पट लांबीचे होते) कक्षा, म्हणजे x च्या लागोपाठच्या किमतींची मालिका, इतकी रेंगाळते की 500 आवृत्त्यांनंतरही 3 बिंदूंचे 6 दिसतात. आकृतीवर डोळा ठेवून मोजू नका. चक्रातील सर्व बिंदूंवरील सूत्राच्या आलेखाच्या उतारांचा गुणाकार काढा. तो +1 असताना खिडकी उघडते आणि -1 होताच चक्र दुभंगते.

सांजवाचक: आवर्तन 3 असेल तर सर्व आवर्तने असतात, हे गणितज्ञ ली आणि यॉर्क यांनी 1975 मध्ये दाखवले, शार्कोव्स्कीचा अधिक व्यापक निष्कर्ष तर 1964 चा आहे.

फळा_खडू: खरे आहे, पण ते विचारले कोणी?

लोकलमधला_विद्यार्थी: r च्या किमती 3.8284 (खिडकी उघडते), 3.8415 आणि 3.8476 (पुढची दोन द्विभाजने) अशा आहेत, आणि त्या उतारांच्या गुणाकारानेच काढल्या आहेत. गुणोत्तर म्हणजे पहिले अंतर भागिले दुसरे.

दादरचे_मास्तर: मग तुमचे गणित बरोबर आहे. 4.669 ही लागोपाठच्या द्विभाजनांमधील अंतरांच्या गुणोत्तराची मर्यादा आहे, पहिल्याच पायरीवर ती मिळत नाही. मूळ आकृती x² + c या रूपात मांडा: चक्राचा जन्म 1/4 ला, पुढची द्विभाजने -3/4 आणि -5/4 ला, म्हणजे पहिले गुणोत्तर नेमके 2. तुमचे 2.14 हे त्याच 2 चे किंचित वाकलेले प्रतिबिंब आहे.

चर्नीरोडकर: मास्तर, r मध्ये तर याच तीन जागांसाठी 1, 3 आणि 3.4495 घेऊन 4.45 येते. तुम्ही सोयीचे रूप निवडलेत.

दादरचे_मास्तर: c म्हणजे r(2-r)/4. r = 1 पाशी r सरकवला तरी c जवळजवळ हलत नाही, त्यामुळे तेथील अंतर फुगते; खिडकीत असे काही होत नाही. मी एकदा आकृती ए-थ्री कागदावर छापून खिडकीतील तीनपैकी मधल्या फांदीवर ट्रेसिंग पेपर ठेवून पाहिले होते; प्रत जुळते, मात्र कागद उलटा धरावा लागतो.

लोकलमधला_विद्यार्थी: पुढचे द्विभाजन 3.8490 ला मिळाले आणि गुणोत्तर सुमारे 4.3 झाले. मूळ आकृतीत c घेऊन याच जागी 4.23 येते. आभारी आहे, सर. ट्रेसिंग पेपर उद्याच आणतो.